आक्काने चाटलेल्या भिंती

आधीच माफी मागते. माझे शिक्षण चौथीपर्यंत. वेलांट्या मी अंदाजाने देते, भाजीत मीठ घालावे तशा. कधी कमी पडतात, कधी जास्त. आणि अक्षर असे की काल लिहिलेले आज माझे मलाच लागत नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. वाचणारे तसे कोणी नाहीच. गटातल्या बायका म्हणाल्या की कंधार, उदगीर, औसा एवढे फिरून आलीस, काय काय झाले ते सांग. पण चार बायकांत उभे राहून बोलायचे म्हटले की माझा घसा बसतो, आणि त्याच्या मागोमाग मीही बसते. म्हणून लिहून ठेवते. धीर झाला तर कोणाला वाचायला देईन.

अर्धापूर

हा सगळा प्रवास भिंतीपासून सुरू झाला. आमच्या घराची मागची भिंत मातीची, ह्यांच्या आज्याने घातलेली. माती आणली होती पांढरीतून. शहरातल्या माणसाला हे सांगावे लागेल, की जिथे पीक येते ती काळी आणि जिथे गाव वसते ती पांढरी. पांढरीत कितीतरी पिढ्यांची राख, शेण आणि गोठ्यातले मूत मुरलेले असते. त्या मातीच्या भिंतीला लोणा लागतो. खालून पांढरी पूड वर येते, गिलावा फुगतो आणि पापडासारखा तुटून पडतो.

हा लोणा कायमचा जावा म्हणून मी आमच्या बचत गटातून कर्ज काढले आणि भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला. वर्ष झाले नाही तोवर सिमेंटही फुगले. पहिल्यापेक्षा जास्त पूड येऊ लागली. भिंत गेली आणि हप्तेही थकले. गटाचा नियम असा की एकीचे पैसे परत आल्याशिवाय दुसरीला मिळत नाहीत. आणि सगळे फेडले की त्या बाईने मिटिंगमध्ये उभे राहून 'बेबाक', म्हणजे बाकी काही उरली नाही, असे सांगायचे. माझ्यानंतर नंबर होता शेजारच्या कमलचा. तिला शिलाई मशीन घ्यायची होती. कमल मला कधी टाकून बोलली नाही. नळावर भेटली की फक्त विचारायची, "भिंत कशी आहे?" घरात आजारी माणूस असल्यावर विचारतात तसे. त्यापेक्षा तिने भांडलेले बरे होते. मी पाण्याची वेळ बदलून टाकली. गटाचे पैसे शांताबाई सांभाळतात. त्यांची केळीची मोठी बाग आहे. त्या दर मिटिंगला आधी खत किती महाग झाले ते सांगायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या.

अशात निलंग्याहून आक्का आल्या. आक्का म्हणजे ह्यांची सगळ्यात मोठी बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. तेव्हापासून त्यांनी कोणाला भिऊन राहणे सोडून दिले, आणि आधीही त्या कोणाला भीत होत्या असे नाही. आल्या आल्या पिशवी ठेवली, मागे गेल्या, भिंतीवर बोट फिरवले आणि बोट तोंडात घातले.

"सुनंदा," त्या म्हणाल्या, "तू पैशाला टेकून बसून राहिलीस की गं. हा सोरा हाय."

मग चहा पिता पिता त्यांनी सगळा इतिहास सांगितला. जुन्या काळी किल्ल्यावरच्या तोफांना बारूद लागायची. बारुदीला कोळसा लागतो, गंधक लागतो आणि सोरा लागतो. कोळसा कोणीही करतो, गंधक व्यापारी आणायचे. सोरा मात्र आपल्यासारख्यांच्या भिंतीत, गोठ्यात आणि पांढरीत पिकायचा. आमच्या घराण्यातला कोणी आजा का पणजा (आक्का दर घोटाला एक पिढी मागेपुढे करत होत्या) लोकांच्या भिंती खरवडून, त्या मातीचे पाणी उकळून सोरा काढायचा आणि बैलगाडीने कंधारच्या किल्ल्यावर नेऊन घालायचा. चांगली माती कोणती हे तो जिभेने ओळखायचा. गार लागली की सोरा.

हे म्हणजे माझे मालक. ते म्हणाले की विस्तवावर टाकून बघा, खरा सोरा असेल तर तडतडेल. आक्काने चिमूट घेऊन चुलीत टाकली. काही झाले नाही. दुसरी टाकली. तड करून एक आवाज आला. आक्काने आमच्याकडे असे बघितले की जणू किल्लाच पडला. ह्यांनी वाकून चुलीत बघितले आणि म्हणाले, मोहरी होती.

पण आक्काचे ठरले होते. औशाला एक करीमचाचा म्हणून आतषबाज आहेत. आक्काच्या लग्नात त्यांच्या घराण्याने शोभेची दारू उडवली होती. ते हा सोरा पोत्याने घेतील, गटाचे कर्ज फिटेल आणि वर भिंत नवी होईल. जाताना वाटेतले किल्लेही बघायचे, म्हणजे आपला माल किल्ल्याच्या तोडीचा आहे का ते कळेल. मला बरोबर येणे भाग होते, कारण आक्काला मोबाईलवर बोलता येते पण तो लावता येत नाही. मीही मनात म्हटले, नाहीतरी नळावर कमलला तोंड दाखवण्यापेक्षा एसटी बरी. आम्ही भिंत खरवडली, पूड पापडखाराच्या रिकाम्या डब्यात भरली, आणि देण्याघेण्याला केळीच्या फण्या घेतल्या. अर्धापूरचा माणूस केळी न घेता कोणाच्या दारात जात नाही. निघताना हे मला एवढेच म्हणाले, "चाटायचं काम आक्काकडं ठेव."

कंधार

बाईमाणसाला एसटीत अर्धे तिकीट आहे, पण आक्काला अर्धेही द्यायचे नव्हते. फार म्हाताऱ्या माणसाला फुकट असते, ते त्यांना पाहिजे होते. कंडक्टरने आधार कार्ड मागितले. ते बघून तो म्हणाला, "मावशी, ह्याच्यात तुमी अजून लहान हाव." खरेच होते. आधार काढताना आक्काने जन्मतारीख माहीत नाही म्हटल्यावर लिहिणाऱ्याने मनाने लिहिली, त्यामुळे कागदावर आक्का त्यांच्या धाकट्या भावापेक्षाही लहान आहेत. आक्का म्हणाल्या, मग माझ्या भावाला फुकट सोडा. कंडक्टरने दोन अर्धी फाडली आणि पुढे गेला.

कंधारचा किल्ला मी पहिल्यांदाच बघितला. भोवती खंदक, खंदकात हिरवे पाणी, आत एकामागे एक दरवाजे. आपल्याकडे घरात शिरले की संपले. तिथे एका दरवाज्यातून आत गेल्यावर पुढे आणखी दरवाजा असतो, आणि मग वाटते की आपण आलो ते बरोबर की चुकीचे. मी गप्प चालत होते. आक्काने मात्र राखणदाराला गाठून विचारले की बारूद कुठे ठेवायचे. त्याला नक्की माहीत नव्हते, पण नाही म्हणणेही त्याला जमत नव्हते. त्याने एक अंधारी खोली दाखवली. आत वटवाघळांचा वास होता आणि भिंतीवर पोरापोरींची नावे कोरलेली होती. खाली कोपऱ्यात पांढरी पूड दिसली.

आक्काने पदर सावरला, गुडघ्यावर बसल्या, डोळे मिटले आणि भिंतीला जीभ लावली.

डोळे मिटले नसते तर पुढचे झाले नसते. आक्का म्हणतात की चव नीट कळायला डोळे मिटावे लागतात. पण बघणाऱ्याला ते वेगळेच दिसते. तेवढ्यात हदगावकडच्या बायकांची एक जीप कुठल्याशा जत्रेहून परतताना किल्ला बघायला आली होती. त्या दारात येऊन थांबल्या. पुढची बाई चांगली थोराड, हातभर हिरव्या बांगड्या. तिने मला हळू आवाजात विचारले की इथे काय आहे. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही. मी मान हलवली. तिने ती मान कशी घेतली कोण जाणे. पायातली चप्पल काढून बाहेर ठेवली.

आक्का जीभ आत घेऊन म्हणाल्या, "गार लागतंय."

झाले. थोराड बाई खाली बसली आणि तिने भिंतीला कपाळ टेकवले. दुसरीने जीभ लावली. तिसरीने जत्रेच्या पिशवीतून हळदीकुंकू काढले. एकीने विचारले की गुडघ्यासाठी असते का. दुसरी म्हणाली, सगळ्यासाठीच असते, एवढी म्हातारी बाई उगाच खाली बसली का?

आता आमचे घर बौद्ध. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, नवससायास आमच्याकडे कोणी करत नाही. आणि आक्का तर असल्या गोष्टींवर दुसऱ्यांना भाषण देणाऱ्या. त्यांनी वळून बघितले तर भिंतीला कुंकू, पुढे नारळ आणि बायकांची रांग. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

"अवो बायांनो, ती भिंत हाय," आक्का म्हणाल्या. "नुस्ती भिंत."

"भिंतच असती मावशी," थोराड बाई शांतपणे म्हणाली. "आपन तिच्याफुडं कसं बसतोय त्याला म्हत्त्व."

राखणदार धावत आला आणि कुंकू कोणी लावले म्हणून ओरडू लागला. बायकांनी त्याच्या हातात प्रसादाचे खोबरे ठेवले. तो जरा थंड झाला आणि त्यालाही विचारावेसे वाटले की गुडघ्यासाठी असते का. आम्ही एक केळीची फणी त्याला देऊन तिथून निघालो. आक्का स्टँडपर्यंत तरातरा चालत गेल्या. मग म्हणाल्या, हे निलंग्याला कोणाला सांगू नको. मी म्हटले, मी कधी कोणाला काय सांगते? त्यांना ते पटले.

उदगीर

उदगीरला आक्काच्या दिराची मुलगी मंदा असते. तिचा नवरा सरकारी कचेरीत आहे. घर मोठे, फरशीचे, भिंतीला कुठे लोणा नाही. मी आधी तेच बघितले. दुसऱ्याच्या घरात गेले की बायका पडदे बघतात, मी भिंतीचा खालचा भाग बघते.

उदगीरचे लोक आपल्यासारखेच, पण बोलता बोलता मध्येच कानडी येते. मंदाची शेजारीण दारातून डोकावून "ऊटा आयता?" म्हणाली. म्हणजे जेवलात का? आक्काला निलंग्यामुळे सगळे कळते. आपल्याकडे नुसते चहा घेणार का विचारतात आणि माणूस नको म्हणतो. तिकडे जेवलात का विचारतात आणि नाही म्हटले की ताट वाढतात. मी दोन दिवसांत येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि धपाटे एवढे खाल्ले की ह्यांना फोनवर सांगताना लाज वाटली.

सकाळी आम्ही किल्ला बघितला. आक्काने तिथली भिंतही चाटली, पण या वेळी मला दारात उभे केले आणि कोणी आले की खोकायला सांगितले. मी सारखीच खोकत होते. शेवटी एका भल्या माणसाने मला पाणी आणून दिले.

परत आलो तर मंदाने आमच्यासाठी कांद्याची भजी केली होती. फारच कुरकुरीत. मंदाचा नवरा, मंदाचे सासरे तात्या, आक्का, मी, सगळ्यांनी खाल्ली. तात्यांनी तर दोनदा मागून घेतली. खाऊन झाल्यावर मंदा म्हणाली, "काकू, तुमच्या डब्यातला पापडखार लई जुना झालाय का? हलका वाटला, म्हनून मूठभर घातला."

आक्काने ताट खाली ठेवले. मी डबा उघडून बघितला. तळाला थोडी पूड राहिली होती. गटाचे कर्ज, कमलची मशीन, सगळे भज्यांत गेले होते.

मला रडू आले, पण रडायला वेळ मिळाला नाही. पुढे जे झाले ते मी बाईमाणूस असून लिहू नये, तरी थोडे लिहिते. त्या घरात संडास एक होता आणि आम्ही पाचजण. मंदाचा नवरा कचेरीत जायला निघाला आणि कोपऱ्यावरून परत आला. पुन्हा निघाला आणि पुन्हा आला. तिसऱ्यांदा त्याने साहेबांना फोन केला. मी बाहेर उभी राहून विचार करत होते की आता उदगीरला परत तोंड दाखवता येणार नाही. एकटे तात्या मात्र खुशीत होते. त्यांना कितीतरी वर्षांचा बद्धकोष्ठाचा त्रास. बाहेर येऊन त्यांनी आक्काला हात जोडले आणि म्हणाले की लातूरच्या डॉक्टरलाही जे जमले नाही ते तुम्ही केले. जाताना त्यांनी डब्यात उरलेली पूड मागितली. आक्काने डबा पदराखाली धरला आणि म्हणाल्या की हा तोफेचा माल आहे. तात्या म्हणाले, ते मला समजले.

औसा

औशाला पोचलो तेव्हा आमच्याकडची शेवटची केळी काळी पडली होती. मी म्हटले टाकून देऊ. आक्का म्हणाल्या, रिकाम्या हाताने जायचे नसते.

करीमचाचा दारातच खुर्ची टाकून बसले होते. पांढरी दाढी, एका हाताच्या दोन बोटांना नखे नाहीत. तो हात उजेडात धरून त्यांनी आधी बोटांचीच ओळख करून दिली. हे एका उरुसात गेले, हे एका वरातीत. त्यांच्या आज्याने म्हणे एका नवाबाच्या लग्नात शोभेच्या दारूचे असे झाड उडवले होते की अर्धा मांडव जळाला. आणि तरी नवाबाने बक्षीस दिले. कारण जळाला तो मुलीकडचा अर्धा होता. आता चाचा काही बनवत नाहीत. परवाने, कागद, वय. सणाला बाहेरगावचा तयार माल आणतात आणि त्याला नावे ठेवत विकतात.

आक्काने डबा पुढे केला. चाचांनी चष्मा लावला, चिमूट घेतली, बोटांत चोळली आणि शेगडीतल्या निखाऱ्यावर टाकली. काही झाले नाही. मी मनात म्हटले, इथे एक मोहरी असती तर.

"ये सोरा नै है बाई," चाचा म्हणाले. "ये खारी है. जनावर का पेट साफ करने को देते सो. आदमी को नक्को देना."

आक्का माझ्याकडे बघेनात. मीही त्यांच्याकडे बघितले नाही. दोघींना उदगीरचे घर दिसत होते.

चाचांनी विचारले की भिंतीला सिमेंट लावले होते का. मी मान हलवली. ते म्हणाले, तेच. मातीच्या भिंतीवर सिमेंट मारले की अशी खारी फुटते. म्हणजे जे पैसे मी लोणा घालवायला काढले, त्याच पैशांचा लोणा झाला होता. मला एकदम खाली बसावेसे वाटले, आणि मी आधीच बसले होते.

चाचांना बहुतेक माझी दया आली. त्यांनी आतून एक काचेची बरणी आणली. त्यात लांब, पांढरे, खडीसाखरेच्या काड्यांसारखे खडे होते. त्यांच्या बापाने काढलेला शेवटचा सोरा. पांढरीची माती मोठ्या मडक्यात भरायची, वरून पाणी सोडायचे, खालून जे झिरपेल ते उकळायचे आणि गार होऊ द्यायचे. मग असे खडे धरतात, बोरूच्या कलमेसारखे, म्हणून कलमी सोरा. बड्या घरी उन्हाळ्यात पाणी गार करायलाही तो वापरायचे. त्यांचा आजा मातीसाठी गावोगाव फिरायचा आणि शेतकऱ्यांशी त्याची भांडणे व्हायची. कारण शेतकऱ्यालाही तीच पांढरीची माती पाहिजे असायची, शेतात टाकायला. आजा म्हणायचा तोफेला द्या, शेतकरी म्हणायचा ज्वारीला. आणि आमच्या आज्यासारखे लोक माती उकरायला दोघांच्या मध्ये खोरे घेऊन उभे, हे चाचा बोलले नाहीत, पण आक्का बोलल्या. चाचा म्हणाले, हौ, वो बी सच है.

आक्काने एक कण जिभेवर ठेवला. डोळे मिटले. गार लागले असणार, कारण त्यांचा चेहरा कंधारला भिंत चाटताना झाला होता तसा झाला. म्हणाल्या, मग कंधारला मी जे चाटले ते हेच होते, म्हणजे मी चुकले नव्हते.

"उस कमरे में चमगादड़ थे क्या?" चाचांनी विचारले.

आक्का म्हणाल्या, होते.

"फिर सोराच होंगा. चमगादड़ के मूत का अव्वल बनता है."

आक्काने पाणी मागितले. दोन तांबे प्यायल्या आणि तिसऱ्याने चूळ भरली.

तोवर चाचांनी आमचे काळे केळे सोलून खाल्ले होते. म्हणाले, दिसायला काळे पण गोड आहे, कुठले? मी सांगितले, अर्धापूरचे. ते हसायला लागले. मग म्हणाले की तुम्ही अर्धापूरहून इथे सोरा शोधायला आलात? आता सोरा तोफेत जात नाही, केळीत जातो. कारखान्यात होतो, पिशवीत येतो, तुम्ही ड्रिपमधून सोडता. पिशवीवर आकडे असतात.

मला इंग्रजी येत नाही पण आकडे येतात. आमच्या गोठ्यात ती पिशवी आहे, मी रोज तिच्यावर वैरण ठेवते. आणि मला न विचारता माझ्या तोंडून निघाले, "तेरा शून्य पंचेचाळीस."

अनोळखी माणसासमोर मी बोललेले आक्काने पहिल्यांदाच ऐकले.

लोहा

परतीची एसटी लोह्याला थांबली. स्टँडवर दोन बायका बोलत होत्या की कंधारच्या किल्ल्यात म्हणे एक भिंत आहे, जीभ लावली की गुडघे दुखायचे राहतात. मी आक्काचा पदर धरला, पण उशीर झाला होता. आक्का सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितले की ती भिंत पहिल्यांदा मी चाटली, तिथे देव नाही, वटवाघळाचे मूत आहे. बायकांनी ऐकून घेतले. मग त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "म्हंजी दवाच हाय की. म्हनूनच गुन येतो."

आक्का गाडीत येऊन बसल्या आणि खिडकीची काच ओढून घेतली.

मी मात्र वेगळ्याच विचारात होते. चाचांच्या आज्याचे आणि शेतकऱ्यांचे भांडण माझ्या डोक्यातून जाईना. दोघांना जर एकच माती पाहिजे होती, तर तोफवाले गेले तरी शेतकरी आहेतच.

परत अर्धापूर

घरी आल्यावर मी खुरपे घेतले आणि भिंतीचे सिमेंट ज्या जागी पडले होते तिथे आतपर्यंत उकरले. वरची खारी बाजूला केली. आतली माती राखाडी, भुसभुशीत, ह्यांच्या आज्याने घातली तशी. आक्काने जीभ लावली. म्हणाल्या, गार. मग चूल होतीच. चिमूट टाकली. तडतडून सुर्र झाले. दुसरी टाकली. पुन्हा सुर्र. ह्यांनी वाकून चुलीत मोहरी शोधली. सापडली नाही.

आक्काचे लगेच मडकी, काहील असे सुरू झाले. मी म्हटले, चाचा म्हणाले आहेत की परवान्याशिवाय असले काही करायचे नाही, आणि आपल्याला उकळायचेही नाही. माती आहे तशीच द्यायची, खत म्हणून. आक्का नाराज झाल्या. म्हणाल्या, तोफेचा माल केळीला घालायचा? मी म्हटले, आक्का, तोफेने आपल्याला काय दिले? त्या गप्प बसल्या. माझ्यापुढे त्या गप्प बसल्या असे आजवर झाले नव्हते, त्यामुळे पुढे काय बोलायचे ते मला सुचेना. मी चहा ठेवला.

शांताबाईंकडे मी एकटी गेले. चार बायकांत नाही, एकीसमोर, तेवढे जमले. सांगितले की खत महाग झाले असे तुम्ही म्हणता, माझ्याकडे पांढरीची जुनी माती आहे, भिंतभर. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी ही माती गाड्या भरून शेतात जायची, हे त्यांना माहीत होते. तरी शांताबाई त्या शांताबाई. बघायला आल्या. विचारले की खरीच जुनी आहे कशावरून. आक्का म्हणाल्या, चाटून बघा.

गटाचे पैसे सांभाळणारी बाई आमच्या मागच्या अंगणात गुडघ्यावर बसली आणि भिंतीला जीभ लावली. शेजारून कमल बघत होती. तिने विचारले, हे कशासाठी असते? मी घाईने म्हटले, कशासाठी नसते, कुंकू आणू नकोस.

शांताबाई उठल्या, तोंड पुसले आणि भाव पाडायला सुरुवात केली. मी एक शब्द बोलले नाही. मला बोलता येत नाही म्हणून, पण त्यांना वाटले मी अडून बसले आहे. त्या आपोआप वर चढत गेल्या.

भिंत ट्रॅक्टरने गेली. आता तिथे गोठ्याचे जुने पत्रे लावले आहेत. वारा आला की वाजतात. पण पत्र्याला लोणा लागत नाही.

मिटिंगच्या दिवशी सतरंजीवर सगळ्या बायका होत्या. शांताबाईंनी मातीचे पैसे माझ्या हातात दिले. मी ते कपाळाला लावले आणि त्यांच्याच पुढे ठेवले. थकलेले हप्ते, व्याज आणि मुद्दल, सगळे. त्यांनी मघाशी स्वतः मोजून दिलेल्या नोटा पुन्हा मोजल्या, एक उजेडात धरून बघितली, आणि माझ्या नावावर रेघ मारली. मग म्हणाल्या की नियम आहे, फेडणाऱ्या बाईने उभे राहून सांगायचे.

मी उभी राहिले. घसा बसला. समोर कमल होती, आणि दारात आक्का. मी एकच शब्द बोलले, पण तो मागच्या बायकांनाही ऐकू गेला.

"बेबाक."

मग मी बसले, आणि शांताबाईंनी तेच पैसे कमलपुढे सरकवले.